मॅकरॉनच्या चवींची तुलना कशी करावी

पॅरिसमधल्या एखाद्या पातिसरीतून, म्हणजे केक-मिठाईच्या दुकानातून, आठ रंगांच्या मॅकरॉनचा, म्हणजे दोन बदामी चकत्यांमध्ये सारण भरलेल्या छोट्या फ्रेंच मिठाईचा, डबा आणला की बहुतेक जण हात जाईल त्या क्रमाने तो संपवतात. चौथ्या-पाचव्या मॅकरॉनपर्यंत तोंडाला गोडाची अशी मिठी बसते की त्यापुढच्या चवी जीभ ओळखत नाही; त्या डोळ्यांनी, केवळ रंग पाहून ओळखल्या जातात. असे खाण्यात आनंद नाही असे मुळीच नाही. मात्र कोणते मॅकरॉन चांगले आणि ते का चांगले, हे ठरवायचे असेल तर त्यासाठी थोडी पूर्वतयारी आणि बराच संयम लागतो.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. मॅकरॉनची चव मुख्यतः सारणात असते. वरची आणि खालची चकती बदामाची बारीक पूड, पिठीसाखर, अंड्यातला पांढरा भाग आणि साखर यांची बनलेली असते, आणि एकाच दुकानातल्या गुलाबी, हिरव्या व पिवळ्या चकत्यांमध्ये बहुधा खाण्याच्या रंगापलीकडे काही फरक नसतो. चॉकलेटच्या चकतीत कोको पूड घालतात, कॉफीच्या चकतीत कधीकधी कॉफीचा अर्क असतो. असे अपवाद थोडेच. म्हणून चाखताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: चकती कशी जमली आहे, आणि सारणाला चव कशाची आहे. चकतीचे दोष चवीच्या खात्यात मांडले की सगळा हिशेब चुकतो, आणि नवख्या माणसाची तुलना बहुतेक वेळा इथेच फसते.

दोन चकत्यांमध्ये सारण भरलेले आजचे मॅकरॉन तसे अलीकडचे आहे. १८६२ मध्ये पॅरिसच्या र्यू रोयाल या रस्त्यावर सुरू झालेल्या लादुरे या दुकानाशी ते जोडले जाते आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकत्या जोडण्याच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः पिएर देफोंतेन यांना दिले जाते. त्याआधीचे मॅकरॉन म्हणजे बदाम, साखर आणि अंड्यातला पांढरा भाग यांचे साधे, बिनसारणाचे बिस्किट. नान्सी, सेंत-एमिलियों, आमियें या फ्रेंच गावांत ते आपापल्या पद्धतीने आजही बनते. यांपैकी नान्सीचे मॅकरॉन वरून तडकलेले, दिसायला अगदी ओबडधोबड असते. ते मिळत असेल तर तुलनेच्या बैठकीआधी एक जरूर खावे, कारण रंग आणि सारण बाजूला केल्यावर उरणारी भाजलेल्या बदामाची चव त्यात उघडी सापडते. ती एकदा जिभेला ठाऊक झाली की पुढे प्रत्येक मॅकरॉनमधून ती मनातल्या मनात वजा करता येते. (खोबऱ्याचे मॅकरून हा वेगळा पदार्थ आहे, नावाच्या साम्याने घोटाळा होऊ देऊ नये.)

तुलना दोन प्रकारे करता येते. एकाच दुकानाच्या निरनिराळ्या चवी घ्याव्यात, किंवा एकच चव तीन दुकानांतून आणावी. पहिल्या प्रकारात आपली आवड कळते, दुसऱ्या प्रकारात कारागिरी कळते, आणि माझ्या मते शिकायला दुसरा प्रकार अधिक उपयोगी आहे, कारण गुलाब आणि कॉफी यांत श्रेष्ठ कोण हा प्रश्नच मुळात निरर्थक आहे. एका बैठकीत सहापेक्षा अधिक नमुने घेऊ नयेत. मॅकरॉन लहान दिसले तरी त्यात साखर भरपूर असते, म्हणून प्रत्येकाचे धारदार पातळ सुरीने दोन किंवा चार भाग करून एका वेळी एकच भाग खावा. सोबत चाखणाऱ्यांपैकी कोणाला सुक्या मेव्याची किंवा अंड्याची ॲलर्जी आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. चव कोणतीही असली तरी चकतीत बदाम आणि अंडे असतेच.

विकत घेताना मॅकरॉन कधी भरले आहे, हे विचारायला संकोच करू नये. सारण भरल्यावर चांगले कारागीर मॅकरॉन साधारण चोवीस तास थंड जागी मुरू देतात. तेवढ्या काळात सारणातला ओलावा चकतीत उतरतो आणि आधी कोरडी व ठिसूळ असलेली चकती आतून मऊ होते. म्हणजे ताजे ते सर्वांत चांगले हा नेहमीचा नियम इथे लागू पडत नाही. पण मुरणे पुढेही चालूच राहते आणि काही दिवसांनी चकती लगदा होऊ लागते. एका दुकानाचे कालचे आणि दुसऱ्याचे चार दिवसांपूर्वीचे मॅकरॉन शेजारी ठेवून निकाल दिला, तर तो कारागिरीचा निकाल नसून वयाचा निकाल ठरतो. २००५ पासून फ्रान्समध्ये २० मार्चला मॅकरॉन दिन साजरा होतो आणि त्या दिवशी अनेक दुकाने सामील होतात. नव्या चवींची ओळख करून घ्यायला तो दिवस उत्तम, पण गर्दीत उभ्याने खाल्लेल्या मॅकरॉनवरून मत बनवू नये.

तापमान

या एका बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. डबा फ्रिजमधून काढून, झाकण न उघडता, साधारण अर्धा तास बाहेर ठेवावा. झाकण बंद ठेवण्याचे कारण असे की उघड्या थंड चकतीवर हवेतली वाफ बसून पृष्ठभाग चिकट होतो. अर्धा तास थांबण्याचे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सारण गनाशचे, म्हणजे चॉकलेट व साय यांचे असो किंवा बटरक्रीमचे, म्हणजे लोणी व साखर यांचे असो, त्यातला स्वाद स्निग्धांशात मुरलेला असतो. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सियसला, म्हणजे तोंडातल्या उष्णतेच्या किंचित खाली वितळते. सारण थंडगार असेल तर ते तोंडात उशिरा वितळते आणि घास गिळून झाल्यावर कुठे त्याचा स्वाद जाणवू लागतो. थंडीत गोडपणाही दबतो, त्यामुळे फ्रिजमधून थेट खाल्लेले मॅकरॉन कमी गोड आणि अधिक सौम्य भासते व त्याला फुकटचे गुण मिळतात. याची खात्री करायची असेल तर एकाच मॅकरॉनचा एक भाग फ्रिजमध्ये ठेवून दुसरा बाहेर काढावा आणि अर्ध्या तासाने दोन्ही पाठोपाठ खावेत. उन्हाळ्यात मात्र अर्धा तासही जास्त होऊ शकतो; बटरक्रीम ओघळू लागले की चकत्या एकमेकींवरून सरकतात.

तोंड स्वच्छ करायला साधे, थंड न केलेले पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा लहानसा तुकडा पुरेसा असतो. चाखण्याआधी तासभर कॉफी घेऊ नये, पुदिन्याच्या टूथपेस्टने दात घासू नयेत आणि अंगाला अत्तर लावू नये, कारण गुलाब आणि संत्र्याचे फूल या दोन चवी तर निव्वळ गंधाच्याच आहेत. दोन नमुन्यांमध्ये दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत.

चकतीची परीक्षा

आधी बाजूने पाहावे. चकतीच्या कडेला जी खडबडीत जाळीदार पट्टी दिसते तिला फ्रेंच कारागीर ‘पिये’, म्हणजे पाय म्हणतात. भट्टीत चकती फुगताना वरचे सुकलेले पापुद्रे घट्ट राहतात आणि आतली वाफ खालून बाहेर पडते, त्यातून ही पट्टी तयार होते. ती सर्व बाजूंनी सारख्या उंचीची असावी आणि चकतीच्या घेराबाहेर पसरलेली नसावी. नंतर मॅकरॉन कापून आत पाहावे. वरचे कवच आणि आतला गर यांच्यामध्ये मोठी पोकळी दिसली, तर चावताना कवच आधी कोसळते आणि मग सारण लागते; घास एकसंध राहत नाही. नीट जमलेली चकती दाताच्या हलक्या दाबाने तुटते, आत ओलसर आणि किंचित चिवट लागते, पण दातांना चिकटत नाही.

चकतीसाठी अंड्यातला पांढरा भाग दोन रीतींनी फेटतात. फ्रेंच मेरँगमध्ये त्यात कोरडी साखर घालतात, तर इटालियन मेरँगमध्ये सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळलेला पाक धारेने सोडतात. दुसऱ्या रीतीने चकत्या एकसारख्या येतात, म्हणून मोठ्या प्रमाणावर काम करणारे ती पसंत करतात. केवळ चाखून ही रीत ओळखल्याचा दावा करणारे लोक भेटतात. मला स्वतःला ते खात्रीने कधी जमलेले नाही आणि सारणाची तुलना करताना त्यावाचून काही अडतही नाही.

सारणाची परीक्षा

घास तोंडात घेतल्यावर लगेच चावून संपवू नये. दोनदा चावून तो जिभेवर वितळू द्यावा आणि तोंड मिटून नाकाने हळूच श्वास बाहेर सोडावा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो. रासबेरीच्या मॅकरॉनवर हे चटकन पडताळून पाहता येते. नाक चिमटीत धरून घास घेतला तर फक्त गोड आणि आंबट लागते. चिमटी सोडताच रासबेरी अवतरते. नाक मिटलेले असताना काय लागले आणि उघडल्यावर काय आले, हे दोन वेगळ्या ओळींत लिहून ठेवले की साखर-आंबटाचा तोल आणि फळाचा स्वाद यांची गल्लत होत नाही.

दुसरी युक्ती याहून साधी आहे. वरची चकती उचलून लहान चमच्याने थोडे सारण खरवडून घ्यावे आणि तेवढेच चाखावे. पिस्त्याच्या बाबतीत तर ही युक्ती अपरिहार्य आहे, कारण चकतीतला बदाम पिस्त्याची नक्कल करण्यात पटाईत असतो.

पिस्त्याचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबू. एखाद्या दुकानाची पारख करण्यासाठी एकच चव निवडायची असेल तर मी पिस्ता निवडतो. पिस्ता महाग असतो आणि त्याचा स्वतःचा स्वाद मंद असतो, त्यामुळे तो कमी घालून कडू बदामाच्या अर्काने भर काढण्याचा मोह मोठा असतो. कडू बदामाचा तो ओळखीचा तीव्र वास बेन्झाल्डिहाइड या द्रव्याचा असतो. चेरीची बी फोडल्यावर किंवा मार्झिपान ही बदाम-साखरेची मिठाई हुंगल्यावर तोच येतो. सारण हुंगताच हा वास पुढे आला आणि मागे दुसरे काहीच उरले नाही, तर पिस्ता नावापुरताच आहे असे समजावे. खऱ्या पिस्त्याचे सारण तेलकट-मुलायम, थोडे हिरव्या गवतासारखे आणि भाजल्याचा खमंगपणा असलेले लागते, आणि त्याचा रंग मळकट, पिवळसर किंवा तपकिरीकडे झुकणारा हिरवा असतो. पोपटी रंग हा रंगाच्या बाटलीतून येतो. चकती पोपटी असण्याला हरकत नाही. सारणही पोपटी असेल तर सावध व्हावे.

व्हॅनिलाबाबतही डोळा फसतो. सारणातले काळे कण शेंगेतल्या बियांचे असतात हे खरे, पण अर्क काढून झाल्यावर उरलेल्या निःसत्त्व बियाही मिसळता येतात, म्हणून कण हा स्वादाचा पुरावा नव्हे. मादागास्करचा व्हॅनिला उबदार, लाकडासारखा आणि परिचित लागतो. ताहितीचा व्हॅनिला फुलासारखा असून त्याला बडीशेपेची किंचित झाक असते. पॅरिसचे नामवंत मिठाई-कारागीर पिएर एर्मे यांच्या व्हॅनिला मॅकरॉनमध्ये मादागास्कर, ताहिती आणि मेक्सिको अशा तीन प्रदेशांचा व्हॅनिला एकत्र केलेला असतो, त्यामुळे एकाच प्रदेशाच्या व्हॅनिलाशी तुलना करायला ते चांगले पडते. घास संपल्यावर व्हॅनिला किती वेळ टिकतो, हे मनात अंक मोजून पाहावे. साखरेची चव आधी विरली आणि व्हॅनिला मागे राहिला तर सारण चांगले. उलट झाले तर व्हॅनिला कमी पडला.

खारट लोण्याचे कॅरमेल ही चव फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताची आहे. तिथे लोण्यात मीठ घालण्याची परंपरा जुनी, आणि १९७७ मध्ये किबरों गावात आंरी ल रू यांनी खारट लोण्याची कॅरमेल गोळी बनवल्यापासून या चवीचा बोलबाला वाढला. चाखताना साखर किती जाळली आहे ते शोधावे. जिभेच्या मागच्या बाजूला बारीकशी कडवट कड जाणवायला हवी. ती नसेल तर मीठ केवळ गोडाला अधिक गोड करते आणि दुसरा घास नकोसा होतो.

फळांच्या चवींत तुलना करण्याआधी सारणाचा प्रकार पाहावा. रासबेरीचा मुरंबा भरलेले मॅकरॉन आंबट आणि धारदार लागते, बिया दाताखाली येतात, आणि चकती लवकर ओली होते. तीच रासबेरी पांढऱ्या चॉकलेटच्या गनाशमध्ये घातली की दुधाळ आणि शांत होते. या दोघांत डावे-उजवे करणे म्हणजे लोणचे आणि कोशिंबीर यांना गुण देण्यासारखे आहे. मुरंबा मुरंब्याशी आणि गनाश गनाशशी तोलावा. लिंबाबद्दल एवढेच सांगतो की आंबटाच्या पाठोपाठ घेतलेली कोणतीही गोष्ट असते त्यापेक्षा गोड लागते, म्हणून लिंबानंतर लगेच व्हॅनिला कधीही घेऊ नये.

मिश्र चवींमध्ये एर्मे यांचे इस्पाहान सर्वांत अभ्यासण्याजोगे आहे. त्यात गुलाब, लिची आणि रासबेरी आहेत. गुलाब आणि लिची यांच्या वासात रोज ऑक्साइड हे एक द्रव्य समान आहे, म्हणून या दोन चवींची सीमा सापडत नाही. एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कळत नाही, आणि रासबेरीचा आंबटपणा मधे येऊन दोघींनाही अत्तर होण्यापासून वाचवतो. अशा मॅकरॉनमध्ये आधी सर्वांत सौम्य घटक शोधावा, म्हणजे इथे लिची. मोठा आवाज आपोआप ऐकू येतो. त्यांचेच मोगादोर, म्हणजे दुधाचे चॉकलेट आणि पॅशन फ्रूट, याच्या उलट रीतीने चालते: तिथे दोन घटक एकमेकांत मिसळत नाहीत, आंबट फळ चॉकलेटच्या जडपणाला छेद देते.

कासिस, म्हणजे ब्लॅककरंट ही आंबट बेरी, आणि व्हायोलेट फूल यांच्या मॅकरॉनवरून दोन माणसांचे हमखास मतभेद होतात, आणि त्यात कोणाचीही चूक नसते. व्हायोलेटचा वास आयोनोन नावाच्या द्रव्यांचा असतो. त्यांचा वास येतो, अचानक नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा येतो, कारण नाकाला त्यांचा फार लवकर सराव होतो. शिवाय त्यांतल्या बीटा-आयोनोनचा वास काही लोकांना जन्मतःच नीट येत नाही. शेजारच्याला फुलांचा ताटवा जाणवत असताना आपल्याला नुसती आंबट बेरी लागत असेल, तर वाद घालू नये. दोघांच्या नाकांत फरक आहे.

चॉकलेट आणि कॉफी समजायला सोपी आहेत. कडवटपणा आणि गोडी यांचा तोल पाहावा आणि पुढे जावे.

क्रम ठरवताना सौम्याकडून तीव्राकडे जावे: व्हॅनिला, पिस्ता, कॅरमेल, मग फळे, मग फुले, त्यानंतर कॉफी आणि काळे चॉकलेट. ज्येष्ठमधाचे मॅकरॉन असेल तर ते अगदी शेवटी, कारण त्यानंतर बराच वेळ दुसरे काही लागत नाही. अशी एक फेरी झाल्यावर दहा मिनिटे थांबून पहिल्या तीन नमुन्यांचे उरलेले भाग उलट क्रमाने खावेत. पहिल्या नमुन्याला ताज्या जिभेचा फायदा मिळालेला असतो, आणि माझ्या अनुभवात निदान एक तरी गुण या दुसऱ्या फेरीत बदलावा लागतो.

रंगाचा चकवा टाळायचा असेल तर डोळे मिटून चाखण्याला पर्याय नाही. कापण्याचे आणि बशीखाली क्रमांक लिहिण्याचे काम न चाखणाऱ्या माणसाला द्यावे. मी पहिल्यांदा असे चाखले तेव्हा ठामपणे पिस्ता म्हणून सांगितलेला तुकडा साध्या बदामाच्या सारणाचा निघाला; चमच्याने सारण वेगळे चाखण्याची सवय मला तेव्हापासून लागली. दोन दुकानांच्या व्हॅनिलात आपल्याला खरोखर फरक कळतो का, हे पाहायचे असेल तर तीन तुकड्यांची चाचणी घ्यावी: दोन तुकडे एका दुकानाचे, एक दुसऱ्याचे, आणि त्यातला वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येतेच, म्हणून एका यशावर विश्वास ठेवू नये. पाचपैकी चार वेळा बरोबर ओळखले तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी उरते. पाच फेऱ्यांना पाव-पाव आकाराचे पंधरा तुकडे, म्हणजे चार मॅकरॉन पुरतात. ते दोन बैठकांत वाटून घ्यावेत.

टिपणे त्याच वेळी लिहावीत, आणि ‘छान’ किंवा ‘मस्त’ हे शब्द वापरायचे नाहीत अशी अट स्वतःला घालावी. आधी काय लागले, मध्ये काय आले, शेवटी काय उरले आणि ते किती वेळ उरले, एवढे पुरते. गुण द्यायचेच असतील तर चकतीचे आणि सारणाचे वेगवेगळे द्यावेत. उत्तम सारण आणि पोकळ चकती असलेले मॅकरॉन अशा वहीत वारंवार सापडते. त्याच्या उलट, देखणी चकती आणि निनावी सारण, हे त्याहून अधिक वेळा.

उरलेली मॅकरॉन हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवावीत आणि प्रत्येक चवीचा एक भाग दोन दिवसांनी पुन्हा चाखावा. मुरंब्याची मॅकरॉन तोवर बहुधा उतरणीला लागलेली असतात, गनाशची अजून ठीक असतात, आणि वहीतला पहिल्या दिवशीचा क्रम खोडून दुसरा लिहावा लागतो.